आजोबांच्या ट्रंकेतलं ‘मार्क फोर’

प्रश्न : माझे आजोबा संस्थानी पोलिसात फौजदार होते. १९४४-४५च्या सुमारास त्यांच्याकडे आलेलं रिव्हॉल्व्हर मिरजेजवळच्या आमच्या गावच्या घरी, लोखंडी ट्रंकेत, चामड्याच्या म्यानात सापडलं. परवाना आधी आजोबांच्या आणि मग वडिलांच्या नावावर होता. वडील २०१६ साली वारले, त्यानंतर ट्रंक कुणी उघडलीच नव्हती. रिव्हॉल्व्हरवर ‘वेब्ली मार्क फोर’ असं आहे, जवळच ‘.३८’ आणि ‘१४५/२००’, शिवाय ‘वॉर फिनिश’ अशी अक्षरं. नळी पाच इंच. सोबत पाच काडतुसं आहेत, त्यांच्या बुडावर ‘के एफ’. इंटरनेटवर शोधलं तर मार्क फोर १८९९चं, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातलं, असं निघालं. परदेशी लिलावातली किंमतही बरी दिसली. धाकटा भाऊ म्हणतो, निकेल पॉलिश करून घेऊ म्हणजे भाव चांगला येईल. हे नेमकं किती जुनं आहे? किंमत किती? आणि शंभर वर्षांपूर्वीचं असेल तर परवाना लागत नाही, हे खरं का?

उत्तर : सगळ्यात आधी भावाला थांबवा. पॉलिशचं का नको ते पुढे सांगतो, पण आज एवढं करा : रिव्हॉल्व्हर आहे तिथे, कुलपात. कुणी हातात घ्यायचं नाही, चाप ओढून ‘चालतंय का’ बघायचं नाही. जुन्या वेब्लीच्या घोड्याचं टोक रिकाम्या चापानं तुटू शकतं आणि तो भाग आज सहज मिळत नाही. आत गोळी नाही अशी खात्री कुणाला नसेल तर प्रश्न टोकाचा राहत नाही, जिवाचा होतो. काडतुसं वेगळ्या डब्यात ठेवा. हिरवट झालेलं काडतूस पकडीनं धरणं, घासणं, ठोकून बघणं, यातलं काही करू नका.

आता तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरं त्याच्यावर उभी आहेत. ‘जुनं म्हणजे परवाना माफ’ हा समज गावोगाव आहे आणि त्यानं भलेभले अडकतात. शस्त्र कायदा १९५९च्या कलम ४५ मध्ये कालबाह्य बनावटीच्या किंवा पुरातन मोलाच्या शस्त्राला सूट आहे, पण तिला अट जोडलेली आहे : ते शस्त्र दुरुस्ती करूनही गोळी झाडण्याजोगं असता कामा नये. ‘दुरुस्ती करूनही’ हे शब्द नीट वाचा. नुसतं गंजलेलं, अडकलेलं, स्प्रिंग तुटलेलं रिव्हॉल्व्हर या सुटीत बसत नाही, कारण ते दुरुस्त होतं. ते कायमचं निकामी आहे की नाही हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नसतं, तज्ज्ञाची तपासणी लागते. तुमचं तर चालू स्थितीत असण्याचीच शक्यता जास्त. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्याची शिक्षा २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं कैद अशी आहे. काडतुसांनाही परवाना लागतोच.

घाबरून विहिरीत किंवा नदीत टाकून देऊ नका. वडिलांच्या परवान्याचं पुस्तक शोधा. त्यात कंपनी, बोअर (नळीचं आतलं माप, इंचात) आणि नंबर लिहिलेला असतो. ते पुस्तक, मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं घेऊन वकिलाला भेटा आणि त्यांच्यामार्फत पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या : घर आवरताना वडिलांचं परवानाधारक शस्त्र सापडलं, ते जमा करायचं आहे. रिव्हॉल्व्हर पिशवीत घालून एसटीनं तालुक्याला निघायचं नाही. कसं आणायचं की तेच पंचनामा करून नेणार, हे ठाण्याकडून ठरवून घ्या. कलम २१ नुसार शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करता येतं. विक्रेत्याकडे भाडं पडतं, तरी परवानगी मिळाली तर तिथेच ठेवा. ठाण्याच्या मालखान्यात सुतळीनं बांधून पावसाळ्यामागून पावसाळे पडून राहिलेल्या शस्त्राचं काय होतं ते सांगायला नको. तुमच्यापैकी कुणाला वारसाहक्कानं परवाना मिळाला तर ते परत घेता येतं, नाहीतर परवानाधारकाला रीतसर विकता येतं. मात्र ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही तर ते सरकारजमा होतं. वारसाच्या अर्जाला इतर वारसांचं ना हरकत लागतं. आणि ज्याच्या नावावर घ्यायचं त्याच्याकडे आधीच दोन अग्निशस्त्रं असतील तर तिसरं बसत नाही, वारशानं आलेलंही नाही. परवाना देणारे तुमच्या भागात जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त.

आता ओळख पटवू. तुमच्या पत्रात त्यासाठी लागणारं जवळजवळ सगळं आहे. तुम्ही ‘मार्क फोर’ हे दोनच शब्द शोधलेत आणि शेजारचं ‘.३८’ सोडून दिलंत, म्हणून इंटरनेटनं चुकीच्या शस्त्राकडे नेलं.

बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीची ब्रिटिश लष्करासाठीची एक मालिका होती, .४५५ बोअरची. मार्क वन १८८७चं, मार्क फोर १८९९चं, मार्क फाइव्ह १९१३च्या अखेरचं, आणि सहा इंच नळीचं, चौकोनी मुठीचं मार्क सिक्स १९१५चं. बोअर युद्धाशी नाव जोडलं गेलं ते या मालिकेतल्या मार्क फोरचं. पहिल्या महायुद्धानंतर लष्करानं बोअर .३८ वर आणला. हलकं शस्त्र, कमी धक्का, थोड्या सरावात हात बसतो, हा त्यामागचा हिशेब. वेब्लीनं त्यासाठी आपलं लहान बांध्याचं रिव्हॉल्व्हर पुढे केलं आणि त्यालाही नाव पडलं मार्क फोर. सरकारनं मात्र त्यावरून थोडे फेरफार करून स्वतःच्या एन्फील्ड कारखान्यात ‘एन्फील्ड नंबर टू’ बनवायला घेतलं. कंपनी भरपाईसाठी कोर्टात गेली, तिथे हरली, आणि पुढे शोधकर्त्यांना मोबदला देणाऱ्या शाही आयोगाकडून तिला १२५० पौंड मिळाले. दुसरं महायुद्ध पेटल्यावर एन्फील्डचा पुरवठा अपुरा पडू लागला तेव्हा त्याच सरकारनं वेब्लीकडून .३८ मार्क फोर मोठ्या संख्येनं घेतली. तुमच्या ट्रंकेत आहे ते यातलं.

या दोन ‘मार्क फोर’मधला, .४५५ आणि .३८मधला, फरक नुसत्या डोळ्यांनी चुकतो, कारण घडण एकच : डावीकडची खटकी अंगठ्यानं दाबली की नळी पुढे झुकते आणि मधला तारा वर येऊन काडतुसं उचलतो. पण मापात फसवणूक होत नाही. .४५५ची नळी तोंडाशी साधारण सव्वाअकरा मिलिमीटर, .३८ची नऊच्या आसपास. चक्रीचं, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाचं, घर .४५५मध्ये बारा मिलिमीटरच्या थोडं वर, .३८मध्ये दहाच्या किंचित खाली. वजन .४५५चं किलोच्या घरात, तुमचं पाऊण किलोच्या. विक्रेत्याकडे जमा करताना त्याच्याच हातून व्हर्नियर मोजपट्टीनं ही मापं घ्या आणि लिहून ठेवा. नळीची लांबी तोंडापासून चक्रीसमोरच्या तिच्या मागच्या टोकापर्यंत मोजतात. चक्री त्यात धरत नाहीत. बरेच जण धरतात आणि मग पाच इंचाचं रिव्हॉल्व्हर कागदावर साडेसहा इंचाचं होतं.

‘१४५/२००’ हा नंबर नाही आणि वर्षही नाही. गोळीचं वजन आहे ते, ग्रेनमध्ये : १४५ ग्रेन म्हणजे साधारण ९.४ ग्रॅम, २०० ग्रेन म्हणजे १३ ग्रॅम. नागरी बाजारातली हलकी गोळी आणि लष्कराची जड शिशाची गोळी, दोन्हींसाठी हे रिव्हॉल्व्हर आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आणि ‘वॉर फिनिश’. तुमच्याकडच्या सगळ्या खुणांत आमच्या मते हीच सर्वांत मोलाची. शांततेच्या काळात वेब्लीचं पोलाद आरशासारखं घासून मग निळं-काळं करत. युद्धात त्याला वेळ नव्हता. यंत्राचे ओरखडे अंगावर तसेच ठेवून रिव्हॉल्व्हरं बाहेर पडू लागली. ही आपली नेहमीची सफाई नव्हे, युद्धामुळे असं आहे, हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून कंपनीनं ते शब्दच पोलादावर ठोकले. विक्रेत्याकडे टॉर्च तिरका धरून चौकटीच्या सपाट भागाकडे बघा : एका दिशेनं गेलेल्या बारीक समांतर रेघा दिसतील, कानशीनं ओढल्यासारख्या. भावाला जे ‘खराब’ वाटतंय ते हेच आहे. निकेल चढवण्याआधी बफिंग होतं, त्या चाकाखाली या रेघा जातात, ठशांच्या कडा गोल होतात, नंबर पुसट होतो. पुसट नंबर ही केवळ किमतीची अडचण नाही. नंबर खोडणं हा शस्त्र कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे, आणि ‘पॉलिशवाल्यानं घासलं’ हे सिद्ध करत बसण्याची पाळी तुमच्यावर येईल. शिवाय परवाना नसताना ते शस्त्र कुणाच्याही हातात देणं हाही गुन्हाच.

तर काळ : दुसऱ्या महायुद्धाचा, म्हणजे १९३९ ते १९४५. आजोबांकडे १९४४-४५च्या सुमारास आलं, ही घरातली आठवण त्याच्याशी नीट जुळते. नेमकं वर्ष मात्र या मॉडेलवर लिहिलेलं नसतं. मार्क सिक्सच्या वरच्या पट्टीवर वर्ष असतं, एन्फील्ड नंबर टूच्या चौकटीवर उजवीकडे असतं. इथे नंबरावरून अंदाज बांधावा लागतो आणि तो काही वर्षांच्या पट्ट्यातच राहतो. काडतुसांवरून रिव्हॉल्व्हरचं वर्ष काढू नका. ‘के एफ’ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली पुण्याची खडकी. १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना. शेजारी दोन आकडे असतील तर ते काडतूस बनल्याचं वर्ष.

अंदाज आवळायचा असेल तर विक्रेत्याच्याच हातून बारीक ठसे पाहून घ्या. ते नळीवर, चौकटीवर आणि चक्रीच्या घरांमधल्या जागेत असतात, तांदळाच्या दाण्याएवढे. मुकुटाखाली ‘बी व्ही’, ‘बी पी’, ‘एन पी’ हे बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे ठसे १९०४ ते १९५४ या काळातले. हा पट्टा मोठा आहे, पण १९२१ पासून तिथे फुलीच्या आकारात एक अक्षरही ठोकू लागले आणि ते अक्षर वर्ष सांगतं. ते सापडलं तर बरंचसं काम झालं. भाल्याच्या फाळासारखा रुंद बाण म्हणजे ब्रिटिश सरकारची मालकी. त्याखाली ‘आय’ असेल तर हिंदुस्थान सरकारची. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर सरकारनं ते सेवेतून काढून विकलं.

एक ठसा मुद्दाम शोधा : ‘३½ टन’ आणि ‘.७६७’. हा १९५४च्या नियमांनंतरच्या चाचणीचा ठसा, युद्धानंतर इंग्लंडात शिल्लक मालातून विकलेल्या रिव्हॉल्व्हरांवर तो दिसतो. तुमच्या रिव्हॉल्व्हरवर तो निघाला तर १९४४-४५ची आठवण त्या शस्त्राची नसणार. घरात आधी दुसरं होतं आणि नंतर हे आलं, असं मग मानावं लागेल. परवान्याच्या पुस्तकातल्या नंबराशी ताडून पाहिलं की उलगडा होतो.

वरच्या पट्टीवर कलकत्त्याच्या मँटनचं किंवा रॉड्डाचं नाव असेल तर तो कारखाना समजू नका, ती दुकानं. नंबर चौकटीवर आणि चक्रीवर, दोन्हीकडे पाहा. दोन्ही एकच असले पाहिजेत. वेगळे असतील तर कधीतरी चक्री बदललेली आहे, आणि मग संग्राहक मागे सरकतो.

सरहद्दीकडच्या दर्रा आदमखेल या शस्त्रं घडवणाऱ्या गावची नक्कल असण्याची शक्यता तुमच्या बाबतीत कमी आहे, तरी एक नजर टाका. तिथले कारागीर हातानं अप्रतिम घडवत, पण इंग्रजी अक्षरं त्यांना फक्त आकार म्हणून माहीत असत. एखादं अक्षर उलटं, ओळ तिरकी, शब्दात एक अक्षर कमी, मुकुटाऐवजी नुसता ठिपका, असं काही दिसलं की थांबा. अशा शस्त्राचं पोलाद भरवशाचं नसतं. आणि कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर याच वेब्लीच्या बांध्यावर बेतलेलं आहे. लांबून दोन्ही भावंडं वाटतात, पण .३२ची नळी आठ मिलिमीटरच्या आतली.

आता किंमत. परदेशी लिलावातला आकडा विसरा. शस्त्र परवानगीशिवाय देशाबाहेर जात नाही, आणि शंभर वर्षांपुढचं असतं तर १९७२च्या पुरावशेष कायद्यानं खासगी माणसाला ते बाहेर पाठवताच आलं नसतं. तुमचं तेवढं जुनं नाही. इथलं गिऱ्हाईक म्हणजे फक्त परवानाधारक, आणि त्याच्या परवान्यावर तोच बोअर बसायला हवा. खरी अडचण इथेच आहे. १९८०च्या दशकापासून परदेशी शस्त्रांची आयात सामान्य माणसाला जवळपास बंद झाली, त्यामुळे .३२ बोअरच्या जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरला आपल्याकडे मोठा भाव येतो. ते ऐकून लोक आपल्या .३८चा भाव धरून बसतात. पण .३२ची काडतुसं दुकानात मिळतात, लष्करी बोअरची मिळत नाहीत. शिवाय लष्करी काडतूस बसणारी शस्त्रं प्रोहिबिटेड, म्हणजे मनाई असलेल्या, बोअरमध्ये, ज्याला परवानावाले पी.बी. म्हणतात त्यात, अडकतात. तसं ठरलं तर विषय जिल्ह्याच्या हातात राहत नाही, केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो, गिऱ्हाइकं बोटांवर मोजण्याइतकी उरतात आणि भाव तसाच उतरतो. म्हणून वडिलांच्या परवान्यावर बोअर नेमका काय लिहिलाय आणि त्यापुढे पी.बी. आहे की एन.पी.बी. (मनाई नसलेला बोअर), हे पाहिल्याशिवाय कुणी आकडा सांगितला तर तो धरू नका. आम्हीही सांगत नाही.

हा प्रश्न सुटल्यावर भाव ठरवणाऱ्या गोष्टी उरतात त्या अशा. मूळ रंग किती शिल्लक आहे : नळीच्या तोंडाशी आणि चक्रीच्या कडांवर म्यानात घासून पांढरं पडलेलं असणारच, त्यानं बिघडत नाही. नळीतले आटे धारदार आहेत की खड्डे पडलेत : त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतला क्षार आत राहतो आणि ओल ओढतो, त्यामुळे झाडल्यावर न धुतलेली नळी आतून खाल्ली जाते. घोडा पूर्ण चढवल्यावर चक्री घट्ट बसते की हलते, आणि जोडाची खटकी ढिली आहे का. मुठीच्या काळ्या पट्ट्यांना तडा आहे का. हे सगळं विक्रेत्याच्या टेबलावर, त्याच्या हातून. आणि या सगळ्यांपेक्षा वजनदार ठरतं ते म्हणजे पुरावा : हेच, या नंबराचं रिव्हॉल्व्हर त्या फौजदारांकडे होतं हे सांगणारा कागद. जुन्या ट्रंकेत निवडणुकीच्या वेळी शस्त्र जमा केल्याच्या पावत्या हमखास असतात. चुरगळलेल्या, पिवळ्या. त्यांवर ठाण्याचा शिक्का, तारीख आणि नंबर असतो. एकही टाकू नका.

जमा करताना मिळणारी पावती तिथेच उभं राहून वाचा. घाईत पेटंटचा आकडा शस्त्राचा नंबर म्हणून लिहिला जातो, ३चा ८ आणि १चा ७ होतो, ‘मेड इन इंग्लंड’ कंपनीच्या रकान्यात जातं. तुमच्या बाबतीत ‘१४५/२००’ नंबर म्हणून चढण्याची भीती सर्वांत जास्त. पावतीवरचा आणि पुस्तकातला नंबर जुळला नाही तर वारसाचा अर्ज तिथेच अडतो आणि दुरुस्तीला महिने जातात. पाच काडतुसं वेगळी मोजून, ‘पाच नग’ असं अक्षरी लिहून घ्या.

विक्रेत्याकडे ठेवलंत तर म्यानाबाहेर ठेवायला सांगा. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षार पोलादाला लागतात. ट्रंकेतल्या शस्त्रांवर गंज बहुतेक वेळा म्यानाच्या शिवणीच्या रेषेतच चढतो. सुती फडक्यावर एक थेंब तेल घेऊन वरून पातळ हात फिरवला की पुरे. पॉलिश पेपर नको, तारेचा ब्रश नको, चिंच-लिंबू तर मुळीच नको.

म्यान तुम्हाला घरी ठेवता येईल, ते शस्त्र नाही. पण त्याच्या झाकणाची आतली बाजू उजेडात धरून बघा. लष्करी म्यानावर तिथे बनवणाऱ्याचं नाव, वर्ष आणि तो रुंद बाण ठोकलेला असतो. चामडं कोरडं पडलं असेल तर झाकण पूर्ण मागे वाकवू नका, घडीवर चिरतं. जेवढं सहज उघडेल तेवढं उघडा, मोबाइल आत घालून फोटो घ्या, आणि वर्ष दिसलं तर ते आजोबांच्या नोकरीच्या कागदांशी ताडून पाहा.